बीपीची गोळी चालू आहे, तर हॉट योगाला जाऊ का?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय 43, ऑफिस लोअर परळला, दिवसभर खुर्ची आणि येता-जाता ट्रेन. कंबर सतत धरलेली असते, चाळिशीनंतर वजनही वाढलंय. ऑफिसमधली एक मैत्रीण बरेच महिने हॉट योगाला जाते, हीटर लावलेली खोली, चाळीस डिग्री, दीड तास. ती म्हणते अंग इतकं मोकळं होतं की विचारू नकोस, सगळे टॉक्सिन घामावाटे निघून जातात आणि वजनही उतरतं. तिने मला येत्या शनिवारी ट्रायलला बोलावलंय, आवडलं तर तीन महिन्यांचं पॅकेज घ्यायचं, ते काही स्वस्त नाहीये. सासूबाई म्हणतात, मुंबईत राहून घाम काढायला पैसे कोण देतं. पण मला खरंच जावंसं वाटतंय, स्वतःसाठी असं मी काहीच करत नाही. मागच्या वर्षीपासून बीपीची गोळी चालू आहे पण बीपी कंट्रोलमध्ये आहे. मे महिन्यात एका लग्नाच्या हॉलमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली होती, खुर्चीवर बसल्यावर बरं वाटलं, उकाडाच तेवढा होता. तर जाऊ ना? - मुलुंडची वाचक"

तू ताई म्हणालीस म्हणून मीही 'तू'च म्हणते. आणि उत्तर आधीच देऊन टाकते कारण शनिवार जवळ आलाय. या शनिवारी जाऊ नकोस. योगासनं सुरू कर, अगदी मनापासून कर, पण गरम खोलीत आत्ता नको, आणि पॅकेजचे पैसे तर अजिबात भरू नकोस. का ते नीट सांगते, कारण मी नुसतं नको म्हटलं तर मैत्रिणीपुढे तुला काही बोलता येणार नाही आणि शेवटी तिला वाईट वाटू नये म्हणून तू जाशील.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता शेवटी लिहिलीयेस, ती म्हणजे लग्नातली अंधारी. उकाडा होता, बसल्यावर बरं वाटलं, विषय संपला असं तुला वाटलं. पण मला सांग, तेव्हा तू उभी होतीस का? आहेराच्या रांगेत, भरजरी साडीत, सकाळपासून धड पाणी न पिता? बहुतेक तसंच असणार. गरम झालं की शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोठ्या करतं, म्हणजे आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर यावी आणि निघून जावी. त्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, आणि उभं राहिलं की पायांत साचतं, मग डोक्याकडे जाणारं कमी पडतं आणि अंधारी येते. हे धडधाकट माणसालाही होऊ शकतं. पण तुझ्या बाबतीत त्यात गोळीची भर आहे.

गोळी कोणती ते तू लिहिलं नाहीस. आज घरी गेल्यावर पट्टी हातात घेऊन नाव वाच. बऱ्याच जणांना बीपीसाठी दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिलेली असते, त्यातलं एक लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं असतं. ब्रँडच्या नावामागे बऱ्याचदा 'एच' असतो, आणि खाली बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलेलं असतं, किंवा क्लोरथॅलिडोन. हे असेल तर तू घाम येण्याआधीच थोडी पाणी-मिठाने कमी आहेस. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे उकाड्याने जे होतं तेच गोळीनेही होतंय, दोन्ही एका दिशेला. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीतली असेल तर हृदयाचे ठोके हवे तेव्हा हवे तितके वाढत नाहीत, आणि गरमीत तर हृदयाला जास्तच पळावं लागतं. यातलं काहीही वाईट नाही, तुझी गोळी तिचं काम चोख करतेय म्हणून तर बीपी कंट्रोलमध्ये आहे. फक्त ती घेऊन चाळीस डिग्रीत दीड तास उभं-आडवं-उभं होणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि क्लासच्या दिवशी गोळी चुकवायची असा विचार चुकूनही करू नकोस, असं करणारी माणसं असतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं बोलणं तुला टोमण्यासारखं लागलं असेल पण त्यात तथ्य आहे. ठराविक हॉट योगात खोली 105 फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेचाळीस सेल्सिअसला ठेवतात आणि हवेतली आर्द्रता 40 टक्के. चाळीस टक्के ऐकून वाटतं की हे तर काहीच नाही, आपल्याकडे मे महिन्यात साठ-सत्तर असते. पण हवा जितकी गरम तितका तिच्यात ओलावा जास्त मावतो, त्यामुळे साडेचाळीस डिग्रीतले 40 टक्के म्हणजे मुंबईतल्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेत असतो जवळपास तितकाच ओलावा, आणि वर सात-आठ डिग्री जास्त. शिवाय बंद दारं आणि वीस-पंचवीस जणांचा घाम, म्हणजे क्लास पुढे जाईल तसा ओलावा वाढतच जातो. आपलं हवामान खातं किनाऱ्यावरच्या गावांत कमाल तापमान 37 पर्यंत पोचलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने जास्त असलं की उष्णतेची लाट म्हणतं. त्या दिवशी आपण आईबाबांना फोन करून सांगतो की दुपारी बाहेर पडू नका. खारघरला एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. तिथे डोक्यावर ऊन होतं आणि गर्दी होती, स्टुडिओत तसं नसतं, दार उघडून बाहेर पडता येतं, हे मान्य. पण शरीराचं गणित तेच असतं.

ते गणित काय ते सांगते कारण सगळं त्यावरच आहे. घाम आला म्हणून आपण थंड होत नाही, घाम वाळला की थंड होतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, एवढी ताकद आहे त्यात. पण जो घाम थेंब थेंब टॉवेलवर गळतो त्याचा काडीचा उपयोग नाही, तो फक्त तुझं पाणी आणि मीठ घेऊन गेला. आणि खोलीची हवाच कातडीपेक्षा गरम असेल तर हवेकडून उलट तुझ्याकडे उष्णता येते. म्हणजे बाहेर टाकायला एकच वाट उरते, घाम वाळण्याची, आणि तीही ओलाव्याने अर्धी बंद. म्हणून लोक तिथे घामाने न्हाऊन निघतात आणि तरी आतून तापत राहतात.

किती तापतात याचा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस कॅम्पसमध्ये झालेला, 2015 साली प्रसिद्ध झाला. नेहमी हॉट योगा करणाऱ्या 20 जणांना गोळीएवढा सेन्सर गिळायला दिला आणि दीड तासाच्या क्लासमध्ये पोटातलं तापमान मोजत राहिले. पुरुषांचं सरासरी सर्वांत जास्त तापमान 103.2 फॅरनहाइट निघालं, बायकांचं 102, आणि एकाचं 104.1. उष्माघाताचा धोका 104 च्या पुढे धरतात. त्या लोकांना कुणाला काही झालं नाही, खरं आहे, पण ते सगळे सवयीचे आणि तब्येतीने ठीक होते. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच सुचवलं की क्लास तासाभराचा करा आणि तापमान खाली आणा. आपल्या घरात मुलाला 103 ताप आला तर आपण रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवतो ना गं.

मी असे क्लास केलेत, म्हणून त्यातलं छान काय आहे तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल बाहेरून बोलतेय. दार उघडल्यावर ओलसर गरम हवा तोंडावर येते, पहिली पाच मिनिटं श्वास जरा जड वाटतो, मग घाम सुटतो आणि अंग सैल पडायला लागतं. समोर मोठा आरसा, हळूहळू त्याच्या कडा धुरकटतात. बाहेर बघायला काही नसतं, फोन नसतो, शिकवणारी अखंड बोलत असते, पुढचं काय ते ती सांगते आणि तू करतेस, डोकं रिकामं होतं. दिवसभर दहा लोकांचं बघणाऱ्या बाईला तो रिकामेपणा किती हवा असतो हे मला चांगलं माहितीये. बाहेर आल्यावर जे हलकं वाटतं ते खोटं नाही. तुझी मैत्रीण खोटं बोलत नाहीये.

पण त्याच क्लासमध्ये मी पुढच्या रांगेतली एक मुलगी पाहिलीये, उष्ट्रासनातून, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायच्या आसनातून, वर आली, चेहरा एकदम पांढरा, ओठ सुद्धा, आणि तरी ती पाणी न पिता, आडवी न होता पुढच्या आसनाला लागायला बघत होती, कारण खोलीतून बाहेर जायचं नाही असं सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं. शिकवणाऱ्याचं लक्ष दुसऱ्या टोकाला. शेजारच्या बाईने तिला हाताला धरून आडवं केलं. नवीन माणसाला हीच भीती असते, आपणच तेवढे कमकुवत असं वाटतं, आणि तू तर मैत्रिणीबरोबर जाणार, तिच्यासमोर उठून बाहेर जायचा संकोच करणार.

हे कुठून आलं ते थोडक्यात, कारण तुझ्या मैत्रिणीने प्राचीन भारतीय वगैरे काही सांगितलं असेल तर. आसनं जुनी आहेत, गरम खोली नवी आहे. कोलकात्याचे बिक्रम चौधरी, बिष्णू चरण घोष यांचे शिष्य, 1970 च्या दशकात अमेरिकेत गेले आणि 26 आसनं, सुरुवातीला आणि शेवटी एकेक श्वसनाचा प्रकार, नव्वद मिनिटं, 105 डिग्री असा साचा त्यांनी जगभर पसरवला. त्या क्रमावर मालकी सांगायला ते कोर्टात गेले होते, 2015 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट होत नाही. पुढे 2016 मध्ये लैंगिक छळाच्या एका दिवाणी खटल्यात निकाल त्यांच्याविरुद्ध गेला आणि कितीतरी स्टुडिओंनी त्यांचं नाव पाटीवरून काढून टाकलं, नुसतं हॉट योगा ठेवलं. आपल्या परंपरेत घामाला जागा आहे, हठयोगप्रदीपिकेत कष्टाने आलेला घाम अंगाला चोळावा असं सांगितलंय, पण तो आतून, अभ्यासाने आलेला. त्याच ग्रंथात अभ्यासाच्या सुरुवातीच्या काळात आगीजवळ बसणं टाळावं असंही सांगितलंय. मी हे गरम खोलीविरुद्ध पुरावा म्हणून देत नाहीये, फक्त गरम खोली म्हणजेच खरा योग असं कुणी सांगितलं तर मानू नकोस.

आता खरा प्रश्न, गरमीने फायदा वाढतो का. टेक्सासमध्ये याचा नीट प्रयोग झाला, 2018 मध्ये आला, चाळिशी ते साठीतली, बैठ्या सवयीची माणसं घेतली, म्हणजे तुझ्यामाझ्यासारखीच. काहींनी तीच 26 आसनं साडेचाळीस डिग्रीत केली, काहींनी 23 डिग्रीत, काहींनी काहीच नाही. बारा आठवड्यांनी बघितलं तर आसनं करणाऱ्या दोन्ही गटांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या होत्या, आणि गरमीमुळे वेगळा काही फायदा दिसला नाही. बीपीवाल्या बाईसाठी याहून चांगली बातमी काय असेल! जे हवंय ते पंखा लावून मिळतंय. मैत्रीण कदाचित तुला असंही पाठवेल की हॉट योगाने बीपी उतरतं, तसा एक छोटा अभ्यास आहे, पण तो जेमतेम 10 माणसांचा आणि तीही बीपीची गोळी न घेणारी. तुला तो लागू होत नाही.

कंबरेबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. तू लिहिलंयस धरलेली असते. सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी? पायात कळ जाते का, मुंग्या येतात का? खुर्चीवरून उठताना दुखतं की वाकताना? हे कळल्याशिवाय कुठल्याच खोलीत, गरम किंवा थंड, पुढे वाकायची घाई करायची नाही. गरमीत स्नायू आणि त्यांच्याभोवतीची आवरणं जास्त ताणली जातात आणि दुखणंही कमी जाणवतं, म्हणून तर मोकळं वाटतं. गुळाच्या ढेपेला ऊब लागली की ती दाबशील तशी दबते, तसं होतं अंगाचं. पण आपण किती ताणायचं हे जे दुखणं सांगत असतं तेच मुकं झालं तर कुठे थांबायचं ते कसं कळणार? स्नायू परत आखडतो, पण सांध्याला धरून ठेवणारे बंध एकदा जास्त ताणले की तसेच सैल राहू शकतात. मांडीच्या मागचा स्नायू बसायच्या हाडापाशी दुखावला तर महिनोन्महिने बसताना टोचत राहतं, आणि तुझं काम तर बसायचंच आहे.

त्या 26 मध्ये एक आसन आहे, दंडायमान जानुशिरासन. एका पायावर उभं राहायचं, दुसरं पाऊल दोन्ही हातांत धरायचं, पाय समोर सरळ करायचा आणि कपाळ गुडघ्याला लावायचं. शिकवणारे ओरडतात, गुडघा लॉक करा. आता हे घामाने निथळताना करून बघ, पाऊल हातातून साबणासारखं निसटतं, तू ते घट्ट धरण्यासाठी पाठ आणखी गोल करतेस, उभ्या पायाचा गुडघा मागे ढकलला जातो, आणि सगळा भार नेमका कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. ज्याची कंबर चांगली आहे त्याला चालतं. धरलेल्या कंबरेला हे पहिल्याच महिन्यात करायला लावणं मला पटत नाही, खोलीचं तापमान काही का असेना. तुझ्या कंबरेला बहुतेक वाकण्यापेक्षा ताकद हवीये, नितंबांची, पोटाची, आणि खुर्चीत आखडलेल्या मांडीच्या पुढच्या भागाला ताण. भुजंगासन हळूहळू, शलभासन एकेक पाय, सेतुबंध, मार्जारासन, भिंतीला टेकून पाय वर. हे तासाभरात होतं आणि त्याला हीटर लागत नाही.

टॉक्सिन आणि वजन यावर फार वेळ घालवत नाही. घाम म्हणजे पाणी, मीठ, थोडं पोटॅशियम, किंचित युरिया. शरीरातला कचरा बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात आणि पाणी कमी पडलं तर किडनीचं काम उलट अवघड होतं. क्लासनंतर काट्यावर किलोभर कमी दिसतं ते लिटरभर पाणी असतं, संध्याकाळपर्यंत परत येतं. कॅलरी मोजल्यात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात, नव्वद मिनिटांत बायकांच्या सरासरी 330 च्या आसपास जळतात, म्हणजे तेवढा वेळ भरभर चालल्यासारखंच. एवढं धापा टाकून तेवढंच. वजनासाठी लोअर परळ स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी घेत असशील तर ती सोड, रोजच्या जेवणाकडे बघ, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी कर, चाळिशीनंतर ते फार गरजेचं असतं.

तर मग कायमचं नको का? नाही, तसं नाही म्हणत. आधी डॉक्टरांकडे जा, ज्यांनी गोळी लिहिलीये त्यांच्याकडेच, आणि लग्नातली अंधारी त्यांना आवर्जून सांग, ती तू अजून सांगितली नसशील असं वाटतंय मला. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही बीपी मोजायला सांग, उभं राहिल्यावर फार पडतं का ते बघायला. सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी कधी झालीये ते विचार. आणि सरळ विचार की चाळीस डिग्रीच्या खोलीत तासभर व्यायाम केला तर या गोळीवर चालेल का. कुणी नुसतं 'योगा ना, करा की, चांगला आहे' म्हणालं तर तापमान परत सांग, कारण योगा ऐकल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सतरंजी आणि शवासन येतं. पाळी खूप जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही सांग, आणि दिवस गेले असण्याची जराही शक्यता असेल तर हा विषय तिथेच बंद, सुरुवातीच्या आठवड्यांत आईचं अंग फार तापणं बाळासाठी धोक्याचं असतं.

डॉक्टर हो म्हणाले आणि साध्या खोलीत तीन-चार महिने आसनं करून अंग तयार झालं, मग एखाद्या दिवशी ट्रायल घे. घ्यायचीच असेल तर तासाभराचा क्लास बघ, 32-35 डिग्रीवाला, अशा सौम्य बॅचेस काही जण ठेवतात. दारापाशी मॅट टाक. आत जायच्या आधीच शिकवणाऱ्याला सांग की मी बीपीची गोळी घेते, मधे बाहेर गेले तर अडवायचं नाही, आणि हे ऐकून त्यांचं तोंड वाकडं झालं तर तिथूनच परत ये, पैसे गेले तरी चालतील. खोलीला बाहेर जायला मोकळं दार आहे का, आत कुणाला प्रथमोपचार येतो का, विचारायला लाजू नकोस. दोन-तीन तास आधी हलकं खाऊन घे आणि दोन ग्लास पाणी पी, क्लासमध्ये घोट घोट. नंतर एकदम दोन लिटर साधं पाणी ढोसू नकोस, घामात मीठ गेलेलं असतं आणि वर नुसतं पाणी भरलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, पाणी काढणारी गोळी असेल तर हा धोका जास्त. पण बीपी आहे म्हणून मिठाचं सरबत किंवा ओआरएस किती घ्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारून ठेव. शरीराला गरमीची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं वाढवलं तर, आठवड्यातून एकदा जाऊन ती कधीच होत नाही. आणि आपण मुंबईकर म्हणून आपल्याला सवय आहेच असं समजू नकोस, एसी ऑफिसात आणि एसी बेडरूममध्ये दिवसाचे सतरा-अठरा तास काढणाऱ्याला नसते.

आणि हे तुझ्या मैत्रिणीलाही वाचून दाखव, ती जातच राहणार आहे म्हणून. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, गरगरलं, किंवा एवढ्या गरमीत अंगावर काटा येऊन थंडी वाजल्यासारखं झालं तर तिथल्या तिथे थांबायचं, बाहेर गारव्यात आडवं व्हायचं, पाय उंचावर, मानेला आणि काखेत ओला रुमाल. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेनासं झालं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजायचा, 108 ला फोन आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आता तू स्वतःसाठी काही करत नाहीस ते. हे वाचून मला सगळ्यात जास्त लागलं गं. पॅकेजचा मोह आसनांचा नसून त्या दीड तासाचा आहे असं मला वाटतं, घरातलं कुणी हाक मारणार नाही असा वेळ. तो तुला मिळायलाच हवा आणि तो मिळवायला गरम खोली लागत नाही. आपल्या मुंबईइतकी योग शिकायची सोय क्वचितच कुठे असेल. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट 1918 पासून आहे, मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं केंद्र आहे, तुझ्या ऑफिसच्या अगदी जवळ लोअर परळला अय्यंगार योगाश्रय आहे, तिथे पट्टे, ठोकळे, खुर्च्या लावून आसन तुझ्या कंबरेला जमेल असं करून देतात, धरलेल्या कंबरेसाठी मी तर आधी तिथेच चौकशी करायला सांगेन. मुलुंडहून ठाणे एकच स्टेशन, तिथे अंबिका योग कुटीर आहे, त्यांचे वर्ग मुंबईत ठिकठिकाणी चालतात आणि खिशाला परवडतात. सासूबाईंना विचार, त्यांच्या ओळखीची एखादी तरी बाई तिथे जाऊन आलेली निघेल, आणि त्यांना विचारलंस तर शनिवारची सकाळ घरातून मिळवणंही सोपं जाईल.

मैत्रिणीला आजच मेसेज टाक, लांबड नको, 'गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम खोलीत येत नाही, पण क्लासनंतर इडली खायला येते' एवढं पुरे, ती समजून घेईल. आणि साध्या क्लासला पहिल्या दिवशी जाशील तेव्हा सैल कपडे घाल, तीन तास आधीपासून जड काही खाऊ नकोस, गोळी नेहमीच्या वेळेला घे, आणि शिकवणाऱ्यांना कंबर, बीपी आणि ती अंधारी, तिन्ही गोष्टी आसनं सुरू व्हायच्या आधी सांग, कपालभाती आणि डोकं खाली करून करायची आसनं तुला आत्ता देऊ नयेत हे त्यांना कळायला हवं.